पाण्याला न भिणारा पोरगा

2024च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या घाटाजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीत निघालेल्या बाया होत्या नावेत. सहा जणींचा जीव गेला. मिरचीचा हंगाम लागला की या काठच्या बाया सकाळी शिदोरी बांधून पाणी ओलांडतात आणि दिवस मावळता परततात. पुलावरून जायचं तर वळसा मोठा, मजुरी बुडते. ती बातमी पसरली त्या रात्री नदीकाठच्या कितीतरी घरांनी आपली माणसं मोजून घेतली असतील.

पुढची गोष्ट अशाच एका गावाची. गोष्ट म्हणूनच सांगते आहे. गावाचं नाव कोणतंही धरा. आरमोरीपासून आष्टीपर्यंत वैनगंगेच्या काठाला ते कुठेही बसेल.

तर त्या गावातल्या बचत गटाच्या बायांनी ठरवलं, आपल्या लेकरांना पोहता आलंच पाहिजे, आणि पोरींना आधी. मासेमारी करणाऱ्या ढिवरांची पोरं जन्मतःच पाण्यातली, पण बाकीच्या घरांत, विशेषतः पोरींना, पाण्यात उतरायची मुभाच नव्हती. नदीवर शिकवायचं नाही, हेही पहिल्याच बैठकीत ठरलं. उन्हाळ्यात वैनगंगा आटलेली दिसते, पण रेती उपसून झालेले खड्डे वरून कळत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता माणूस एकदम गडप होतो. म्हणून गावामागचा माजी मालगुजारी तलाव निवडला. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी झाडीपट्टीत असे हजारो तलाव बांधले. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण धानाला पाणी आणि ढिवरांना मासोळी त्यांनी देणं थांबवलं नाही. मे महिन्यात या तलावाचं पाणी पारापासून, म्हणजे बांधापासून, दूर सरकतं आणि लेकराच्या कमरेइतकी खोली बरीच लांबवर मिळते. शिकायला याहून बरी जागा नाही.

शिकवायला तालुक्याच्या गावाहून एक तरुण यायला तयार झाला. फी नको म्हणाला. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, लेकरांना बिस्किटं आणायचा, सगळ्यांना नावानं ओळखायचा. आठ-दहा दिवसांत तो गावाचा ‘सर’ झाला. त्याचं पोहण्याचं प्रमाणपत्र सरपंचताईंनी पाहिलं होतं. या माणसाची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याच्या 2020च्या नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या, जिथे जिथे लेकरांशी नेहमीचा संबंध येतो, तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं व्हायला हवी. गावच्या शिबिराला एवढे सोपस्कार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण खरं कारण निराळं असतं. माणूस हसतमुख असला, फुकट शिकवत असला, की त्याला कागद मागायची आपल्याला लाज वाटते.

पोरींची व्यवस्था मात्र गावानं डोळ्यांत तेल घालून केली. त्यांची वेळ वेगळी. कपडे बदलायला बांबूच्या ताट्यांचा आडोसा. काठावर रोज दोन बाया बसणार, आणि त्या कोण हे आदल्या दिवशी ठरणार. सरांनी पाण्याबाहेर उभं राहून सांगायचं आणि पाण्यात हात धरायला गावातलीच एक पोहणारी सून. गाव शहाणं होतं यात वाद नाही. पण सगळं शहाणपण पोरींच्या बाजूलाच खर्ची पडलं. पोरांच्या वेळेला काठावर कोणी नसायचं. पोरगेच तर आहेत, त्यांना काय होतं!

ढिवरटोलीत एक दहा वर्षांचा पोरगा होता. घरात त्याला लहान्या म्हणत. बाप रोजगाराला तेलंगणात, माय मजुरीला, म्हणून तो आजीच्या अंगाखांद्यावर वाढला. आजीनं सारा जन्म नवऱ्याच्या बरोबरीनं जाळं ओढलं होतं. लहान्याला शिकवायचं असं काही नव्हतंच, पण त्याचा हात पाहून सर म्हणाले, याला मी जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवतो. सकाळी सगळ्यांबरोबर, आणि संध्याकाळी त्याचा वेगळा सराव. एकट्याचा. दोन-चार दिवसांनी सरांनी त्याला पोहताना लावायचा निळा चष्मा आणून दिला. टोलीत तो चष्मा हातोहात फिरला. आजीनं तो डोळ्यांना लावून दिवा पाहिला, तर दिवा निळा दिसला. सगळे हसले. घराला केवढं अप्रूप!

आणि मग एक दिवस लहान्या म्हणाला, पोट दुखते. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यानं सरळ सांगितलं, “नाई जाऊ.”

कोणी विचारलं नाही, का. मायनं समजावलं, काकानं एक ठेवून दिली. सोबतचे पोट्टे दारावरून जाताना ओरडले, “ढिवराचा पोट्टा अन पाण्याले भितो!” संध्याकाळी सर स्वतः घरी आले, पायरीवर बसले, चहा प्याले आणि मोठ्यानं म्हणाले, “आमचा चॅम्पियन घाबरला वाटते.” जमलेली सगळी माणसं हसली. लहान्या आतल्या खोलीत धानाच्या कणगीमागे जाऊन बसला.

त्या हसण्याचा मला राग येतो. कारण त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पोराला हिंमत यावी म्हणूनच हसले सारे. पण लेकरू ‘नाही’ म्हणालं आणि घरादारानं त्याची चेष्टा केली, की लेकराला एवढंच कळतं की इथे ‘नाही’ला किंमत नाही. ज्याला एवढं कळलं, ते पुढचं काही कशाला सांगेल?

आजी हसली नव्हती. तिच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. हा पोरगा रोज पहाटे तिच्याबरोबर जाळं काढायला येत होता. त्याच तलावावर. सरांचा क्लास भरायच्या आधी, तांबडं फुटता फुटता, तो डोंग्यातून खाली उतरायचा, कमळाच्या देठांत गुंतलेलं जाळं सोडवायला बुडी मारायचा, वर यायचा आणि पुन्हा जायचा. पोट दुखत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं. पाण्याला तो भीत नव्हता. मग सहा वाजता क्लास भरला की त्याच पाण्याचं काय होत होतं?

दोन दिवसांनी जुनं फाटकं जाळं तुणायला काढलं, तर त्याच्या गुंडाळीत तो निळा चष्मा निघाला. डोक्यामागून जाणारा रबरी पट्टा नव्हताच. तो जाळं कापायच्या सुरीनं तुकडे तुकडे करून त्याच गुंडाळीत खुपसलेला होता. बोटाच्या पेराएवढे तुकडे, एकसारखे, सावकाश बसून केलेले. दहा वर्षांचं पोरगं आवडती वस्तू रागानं फेकून देईल, मोडून टाकील. असं कापून लपवणार नाही. आजीनं ते तुकडे पुन्हा होते तसे ठेवून दिले आणि लहान्याला हाक मारली.

“ये बाबू, सुतली धर.”

दोघं ओसरीवर जाळं घेऊन बसले. तिनं विचारलं नाही की चष्मा कोणी कापला. सर काय म्हणाले, तेही विचारलं नाही. बराच वेळ नुसतं तुणणं चाललं. मग ती म्हणाली, “तो चष्मा तुले नोको असन तं नोको. मी रागावनार नाई. अन सरावाले जाचं नसन तं नोको जाऊ. तुले कोनी भित्रा म्हनन तं मी त्याले सांगीन, पहाटचं येऊन पाह्य म्हना.”

लहान्या काही बोलला नाही. सुतली मात्र हातात घट्ट धरून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “सांगितलं तं तू कोनाले सांगशीन?”

इथे बहुतेक मोठी माणसं चटकन म्हणतात, कोणालाच नाही सांगणार, शप्पथ. आजी तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, “कोनालेच सांगनार नाई, असं मी म्हनत नाई. सांगा लागन तं ज्यानं तुले मदत होते त्यालेच सांगीन. अन आधी तुले विचारीन. चारचौघात तुयी गोठ निघनार नाई.”

मग तो बोलला. काय बोलला ते मी लिहिणार नाही. ते ऐकायचा हक्क आजीचा होता आणि पुढे तपास करणाऱ्यांचा, तुमचा-माझा नाही. एवढं सांगते की सुरुवात बिस्किटांनी आणि चष्म्यानं झाली होती, मग ‘हे आपल्या दोघांतलं’ असं एक वाक्य आलं होतं, मग ओल्या कपड्यांतले मोबाइलवरचे फोटो, आणि मग लहान्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. आजीनं मधे एकदाही त्याला तोडलं नाही. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, “तुयी काईच चूक नाई. तू सांगितलं हे लय चांगलं केलं.” हेच ती त्या रात्री दोनदा-तीनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आजी शाळेतल्या मॅडमकडे गेली. तिनं विचारलं, आता काय कराचं? मॅडमना पुढची वाट ठाऊक होती. 2012च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक लेकरू येतं, पोरगी असो वा पोरगा. असा प्रकार घडल्याचं किंवा घडू शकेल असं ज्याला कळतं, त्यानं पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर तोच गुन्हा ठरतो. मॅडम म्हणाल्या, “आजी, आपण दोघी जाऊ. लहान्याला न्यायची गरज नाही.” आणि खरंच, जबाब घ्यायला एक महिला अधिकारी घरी आली. अंगावर खाकी नव्हती, साधी सलवार-कमीज होती. कायदाच तसं सांगतो, की लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यावा, त्या वेळी पोलिसानं गणवेश घालू नये आणि लेकराला विश्वास वाटेल असं माणूस शेजारी असावं. लहान्या आजीला टेकून बसला आणि त्यानं सांगितलं. चष्मा आणि पट्ट्याचे तुकडे अधिकारी कागदात बांधून घेऊन गेली.

सरांना ताब्यात घेतलं तेव्हा गावात खळबळ उडाली, आणि सभा बसली.

या जिल्ह्यात ग्रामसभेचा शब्द मोठा आहे. मेंढा-लेखा या गावानं 2009मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला, सर्वसहमतीनं गाव चालवून दाखवलं. बांबूचं, तेंदूपत्त्याचं काय करायचं हे इथली गावं स्वतः ठरवतात आणि अभिमानानं ठरवतात. म्हणून सभेत पहिला सूर तोच निघाला. गावातली गोष्ट गावात मिटवू. एक जण म्हणाला, “पोराचं नाव खराब होईन.” दुसरा म्हणाला, “समज देऊन सोडून द्याचं होतं, ठाण्यात काहाले गेले गा?” एका शिकलेल्या माणसानं तर विचारलं, “असं मोठं झालं तरी काय? पोरगाच तं आहे.”

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सभेचा मान मी ठेवते, पण हे सभेच्या हातातलं काम नाही. बांबू आपला, तलाव आपला. हा गुन्हा मात्र गावानं बसून मिटवायचा नसतो, कोणत्याही पंचायतीनं नाही. आणि इथे ज्यांना मिटवावंसं वाटतं त्यांनी एक ध्यानात ठेवावं, लेकराची ओळख जाहीर करणं हाही याच कायद्यात गुन्हा आहे. तेव्हा घराचं नाव आज सभेत कोणी घेऊ नका, उद्या पानठेल्यावरही घेऊ नका.

मग सभा दुसऱ्या बाजूला झुकली. बंद करा हे पोवणं-बिवणं. पोरींचं तर आधी बंद करा. आपल्या बापजाद्यांनी कुठे क्लास लावले होते?

तेव्हा आजी बोलली. मागच्या बाजूला बायांत बसली होती, उठली नाही, बसूनच बोलली. “सांगितलं एका लेकरानं अन शिक्षा साऱ्या लेकरायले? उद्या कोनतं लेकरू तोंड उघडन? त्याले वाटन, आपुन बोललो म्हनून सोबत्यायचं पोवनं गेलं.” ती थांबली. “अन त्या नावेतल्या बायायले पोवता येत असतं तं?”

सभेत कोणी बोललं नाही. मॅडमनी तेवढ्यात सांगून घेतलं की दर वर्षी जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मरतात, त्यांत सगळ्यांत मोठा वाटा पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचा. आणि जागतिक आरोग्य संघटना ज्या थोड्या उपायांचा आग्रह धरते त्यांत शाळेच्या वयाच्या मुलांना पोहणं, पाण्यातली सावधगिरी आणि सुरक्षितपणे वाचवणं शिकवावं, हा एक आहे. पोहणं बंद करणं म्हणजे धानाला कीड लागली म्हणून बांधी पडीक ठेवण्यासारखं होतं, आणि हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला लगेच पटलं.

शिकवणी चालू ठेवायची, हे ठरलं. कशी, यावर पुन्हा मोठी माणसं नियम करायला बसली. आडोसा किती उंच, काठावर कोण, वेळ कोणती. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई म्हणाल्या, “लेकरांना विचारा ना.” आधी काहींना ते पोरकट वाटलं. मग शाळेच्या पडवीत लेकरांना बसवलं, मोठ्यांपैकी फक्त मॅडम आणि आशाताई थांबल्या, आणि एकच विचारलं, पाण्यात तुम्हाला काय नको वाटतं?

जे निघालं ते ऐकण्यासारखं होतं. एक पोरगी म्हणाली, मागून ढकलू नका. ढकलल्यावर सगळे हसतात, माझ्या नाकात पाणी जातं. एक पोरगा म्हणाला, आमालेबी ताट्या पायजे. पोरांना उघड्यावर कपडे बदलायला लावत होते, आणि त्याच्या पाठीवर गजकर्णाचे चट्टे होते. ते पाहून बाकीचे चिडवायचे. हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्या वर्गातली एक म्हणाली, मी आज पाण्यात येत नाही म्हटलं की कारण विचारू नये. बाकीच्या पोरींनी माना हलवल्या. कोणाला डोकं पाण्याखाली दाबून धरलेलं आवडत नव्हतं, कोणाला ‘जाड्या’ म्हटलेलं. एका लहानग्यानं सांगितलं, पोटाखाली हात लावायच्या आधी सांगा, म्हणजे मी दचकत नाही. एकीनं विचारलं, फोटो काढलेच पाहिजेत का?

यातली किती तरी गाऱ्हाणी कोणत्याही कायद्यात बसत नाहीत. ढकलणं, हसणं, चिडवणं यांसाठी कोणी ठाण्यात जात नाही. पण लेकराच्या अंगावर, त्याच्या भीतीवर त्याचाच हक्क आहे, हे त्याला रोज पाण्यात कळत गेलं, तर कोणी तो हक्क मोडायला आलं की त्याला लगेच कळतं. रोज बिनदिक्कत ढकललं जाणारं लेकरू वाईट हात आणि चेष्टेचा हात यांत फरक कसा करणार?

म्हातारे ढिवर आता शिकवायला पुढे आले, आणि त्यांची रीत सगळ्यांत चांगली निघाली. एका आज्यानं लांब सरळ बांबू आणला. लेकराच्या कमरेला धोतराच्या पट्टीनं वाळका तुंबा बांधायचा, बांबूचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं आज्याच्या. आज्या कमरेइतक्या पाण्यात मागे मागे सरकतो, लेकरू पाय मारत पुढे येतं. अंगाला हात लावायची वेळच फारशी येत नाही. हात लावावाच लागला तर आज्या आधी बोलतो, “आता मान धरतो, धरू का?” आणि लेकरू हो म्हणेपर्यंत थांबतो. ‘नोको’ म्हटलं तर बांबू काठाकडे वळवतो, आणि तेवढ्यानं त्या दिवशीचा पाठ संपतो. कोणी हसत नाही. हसलं तर त्याला काठावर बसावं लागतं. त्याच बांबूनं बुडणाऱ्याला कसं वाचवायचं हेही शिकवतात. आधी मोठ्यांना हाक मारायची, मग बांबू पुढे करायचा, दोर टाकायचा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकायचा. पण मागोमाग उडी टाकायची नाही. वाचवायला गेलेली लेकरंही त्याच जागी बुडतात, हे या नदीकाठाला माहीत आहे.

काठावर आता दोन माणसं असतात, पोरांच्या वेळेलाही. मोबाइल पारावरच्या पिशवीत जमा. कोणालाही, अगदी हुशारातल्या हुशार पोराला सुद्धा, मागे एकट्याला थांबवायचं नाही. शिकवणाऱ्या आज्यांचीही पोलीस पडताळणी झाली. एक आज्या त्यावर रुसला होता, साऱ्या जन्माची ओळख असताना कागद काहाले? आजीच त्याच्याकडे गेली. म्हणाली, “तुमच्यावर शक नाई गा भाऊ. पन तुमचा कागद असला, तं उद्या बाहेरच्याले मांगाले आपल्याले लाज नाई वाटनार.” तो दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज देऊन आला.

लहान्या त्या क्लासला जात नाही. त्याला कोणी बोलावतही नाही, तसं आजीनं बजावून ठेवलं आहे; जायचं तर तो जाईल. पहाटे जाळं काढायला मात्र येतो. तालुक्याहून समुपदेशक ताई महिन्यातून दोनदा येतात, त्यांच्याशी बोलतो. ज्या काकानं त्याला मारलं होतं त्यानं त्याच्यासमोर बसून चूक कबूल केली. आपल्याकडे मोठ्यांनी लहानांपुढे असं बसायची रीत नाही, पण तो बसला. खटला विशेष न्यायालयात चालू आहे.

तुमच्या गावात, शाळेत, शहरातल्या तरणतलावावर लेकरू शिकायला घातलं असेल, तर एखाद्या दिवशी न सांगता जा आणि काठावर बसा, पोरगी असो की पोरगा. कोणी बसू देत नसेल तर त्या जागी लेकरू ठेवू नका. शिकवणाऱ्याची पडताळणी झाली का, हे विचारा, चांगला माणूस त्याचा राग धरत नाही. आणि लेकरू एक दिवस ‘नाही जात’ म्हणालं, तर भित्रा म्हणण्याच्या आधी सुतलीचं एक टोक त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसा. मदत लागली तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, आणि लेकरू स्वतःसुद्धा तो लावू शकतं.